बस हा पायवाटेचाच भाग

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिल्या सहा महिन्यांत दोन सल्ले हमखास मिळतात. एक, थर्मल घ्या. दोन, गाडी घ्या. गाडीशिवाय इथलं 'कंट्रीसाइड' बघता येत नाही. पहिला सल्ला लाखमोलाचा. दुसऱ्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. पीएच.डी.च्या काळात मी यॉर्कशायर डेल्स बसने पाहिलं ते परवडत नव्हतं म्हणून. आता दारात गाडी आहे, तरी तिकडे चालायला जायचं तर मी बसनेच जातो. कारण काटकसर नाही (तशी ती रक्तात आहेच म्हणा!). कारण असं, की बसने जाणाऱ्याला डोंगर जास्त दिसतो.

आधी थोडी ओळख. लीड्सच्या वायव्येला चुनखडीच्या टेकड्या आणि त्यांच्यामधली लांबलचक खोरी आहेत. 'डेल' म्हणजे खोरं. १९५४ साली हा भाग नॅशनल पार्क झाला. आपल्याला नॅशनल पार्क म्हटलं की वाघ आणि जीप आठवते. इथे गावं आहेत, मेंढ्यांची कुरणं आहेत, जमीन बहुतेक खाजगी आहे, पण त्या जमिनीतून जाणाऱ्या पायवाटांवर चालण्याचा हक्क सगळ्यांना आहे. आणि उन्हाळी हंगामात रविवारी आणि बँक हॉलिडेला शहरांतून या खोऱ्यांत खास बस जातात, 'डेल्सबस' नावाच्या. या रविवारच्या बसचं जाळं मुख्यतः डेल्स अँड बोलंड कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी ही २००७ साली स्थापन झालेली, नफ्यासाठी नसलेली संस्था सांभाळते, आणि तिचं काम स्वयंसेवक करतात.

आता मुद्दा. गाडी घेऊन गेलेला माणूस खुंट्याला बांधलेल्या गुरासारखा असतो. दावं कितीही लांब असलं तरी संध्याकाळी खुंट्याशीच यायचं! त्यामुळे गाडीवाल्यांच्या सगळ्या वाटा गोल. कार पार्क, टेकडी, चहा, कार पार्क. बसवाल्याची वाट सरळ असते: एका खोऱ्यात उतरायचं, धार ओलांडायची आणि दुसऱ्या खोऱ्यात बाहेर पडायचं.

उदाहरणार्थ मॅलम ते सेटल. सकाळी लीड्सहून ट्रेनने स्किप्टन, तिथून बसने मॅलम. गावाच्या डोक्यावर मॅलम कोव्हचा साधारण ८० मीटर उंच, अर्धवर्तुळाकार पांढरा कडा आहे. गाडीवाले तो बघून, फोटो काढून परततात. आपण बाजूच्या पायऱ्यांनी वर जायचं. माथ्यावर चुनखडीची नैसर्गिक फरशी पसरलेली आहे, पावसाच्या पाण्याने झिजून तिच्यात खोल फटी पडल्यात, त्या फटींत नेचे वाढतात. तिथून पश्चिमेला कुरणं, दगडी गडगे आणि अटरमायरचे कडे पार करत दहा-बारा किलोमीटर चाललं की अचानक पायाशी सेटलची छपरं दिसतात. तिथे स्टेशन आहे. ट्रेनने लीड्स तासाभरावर. ही चाल गाडीने करायची तर दोन गाड्या लागतात, किंवा एक अतिशय प्रेमळ बायको.

सह्याद्रीत फिरलेल्यांना यात काहीच नवल वाटणार नाही. कर्जतला उतरून खांडसहून भीमाशंकर चढायचं आणि वरून एसटीने पुण्याकडे जायचं, हे आपण करतच आलो. घाटवाटा होत्याच मुळी इकडून तिकडे जाण्यासाठी. तेच आपण विलायतेत आलो की आधी गाडी घेतो आणि मग डोंगर कार पार्कमधून बघतो!

"पण या बस तोट्यात चालतात, करदात्यांनी हौशी लोकांच्या सहलींना पैसे का द्यावेत?" हा आक्षेप इथे नेहमी ऐकू येतो. १९८६ साली लंडनबाहेरच्या बससेवा खुल्या झाल्या, तेव्हापासून ज्या मार्गावर नफा नाही तो कौन्सिलने पैसे दिले तरच चालतो. कौन्सिलची तिजोरी आटली की पहिली कुऱ्हाड खेड्यातल्या रविवारच्या बसवर. शेजारच्या नॉर्थ यॉर्क मूर्समध्ये पार्क प्राधिकरणाने चालवलेली मूर्सबस २०१३ मध्ये अशीच बंद झाली. ती पुन्हा उभी केली प्रवाशांनीच, स्वतः पैसे गोळा करून.

मी इंजिनियर, त्यामुळे मला हा हिशोबच खटकतो. ऊन असलेल्या ऑगस्टच्या रविवारी बसमध्ये उभं राहावं लागतं, एप्रिलच्या पावसात सहा जण असतात. सरासरी काढली की बस निरुपयोगी ठरते. मग फेऱ्या कमी होतात, वेळापत्रक बदलतं, लोकांचा भरवसा उडतो, प्रवासी घटतात आणि पुढच्या वर्षी कपातीला नवा पुरावा मिळतो. हे दुष्टचक्र आहे, मागणीचं मोजमाप नव्हे. पायवाटेवर पावसात कोणी चाललं नाही म्हणून ती कोणी नांगरून टाकत नाही. बस हा त्या पायवाटेचाच भाग आहे, तिलाही तोच न्याय हवा.

आणि याच डेल्समध्ये याचा पुरावा आहे. सेटल ते कार्लाइल हा रेल्वेमार्ग १८७६ साली प्रवाशांसाठी सुरू झाला. १९७० मध्ये त्यावरची सेटल आणि ॲपलबी सोडून सगळी छोटी स्टेशनं बंद झाली. १९७५ मध्ये पार्क प्राधिकरणाने काही वीकेंडना गाड्या भाड्याने घेऊन त्या बंद स्टेशनांवर थांबवायला सुरुवात केली, जोडीला आसपासच्या खोऱ्यांत जाणाऱ्या बस ठेवल्या. नाव डेल्सरेल. चालणारे आले, आणि गावातले लोकही त्याच गाड्यांनी शहरात बाजाराला जाऊ लागले. १९८६ मध्ये आठ स्टेशनं कायमची उघडली. दरम्यान ब्रिटिश रेलने अख्खा मार्गच बंद करायचा घाट घातला होता, पण लोक पेटून उठले आणि १९८९ मध्ये सरकारने बंदीचा प्रस्ताव फेटाळला. वीकेंडच्या त्या गाड्यांनी एकट्यांनी मार्ग वाचवला असं नाही, पण मार्ग लोकांच्या वापरात आणि मनात जिवंत ठेवला. नुसत्या हिशोबावर सोडलं असतं तर रिबलहेडचा २४ कमानींचा पूल आज नुसताच बघायला उरला असता.

बसला अडचणी नाहीत असं मी म्हणत नाही. तान्हं मूल, त्याची गाडी आणि डब्यांची पिशवी घेऊन बस बदलणं सोपं नाही. शेवटची बस चुकली तर टॅक्सीचं भाडं ऐकून दमलेले पाय आपोआप पळू लागतात. म्हणून माझा एक नियम: सकाळी बसने सगळ्यात आतल्या गावी जायचं आणि तिथून स्टेशनाच्या दिशेने चालत यायचं. म्हणजे दर तासाला आपण घराजवळ येतो, आणि घड्याळाचा धाक उरत नाही. वेळापत्रक मात्र दर हंगामाला नव्याने बघायचं.

अजून एक. या बसमध्ये बहुतेक सगळे पांढऱ्या केसांचे असतात, थर्मास आणि नकाशे घेतलेले. ज्येष्ठांना २००८ पासून इंग्लंडभर स्थानिक बसचा प्रवास मोफत आहे. ते पुढे सरकून जागा देतात, कुठे उतरायचं ते न विचारता सांगतात. आपल्यासारखे चेहरे मात्र फार थोडे. तेव्हा मंडळी, गाडी जरूर घ्या, आयकियाला जायला उपयोगी पडते. पण रविवारी ती दारात राहू द्या. आणि तुमच्या कौन्सिलने बसबद्दल मतं मागवली की दोन ओळी लिहून पाठवा. बसमधलं आपलं एक डोकंही त्या सरासरीत धरलं जातं.