नाताळची झडती

डिसेंबरचा दुसरा आठवडा उलटला की माझ्या भ्रमणध्वनीवर एक वार्षिक उत्सव सुरू होतो. नाताळचा नव्हे, नाताळच्या झडतीचा. २५ डिसेंबर हा रोमन सूर्यदेवाचा दिवस, चर्चने तो चोरला. झाड जर्मनीतल्या रानटी टोळ्यांचे. सांताक्लॉजला एका शीतपेयाच्या कंपनीने जन्माला घातले. आणि शेवटी ठरलेली ओळ : सत्य जाणून घ्या आणि पुढे पाठवा. पाठवणारे बहुतेक माझे स्नेहीच. त्यांतले निम्मे दर नाताळात शेजारच्या ख्रिस्ती घरातून आलेले दोदोल आणि बेबिंका चवीने खातात आणि त्याच तेलकट बोटाने हा निरोप पुढे ढकलतात.

इतकी वर्षे मी हसून सोडून देत असे. आता देत नाही. कारण सांगतो.

२०२३ साली दत्तजयंती २६ डिसेंबरला आली होती. गाणगापूरला जायचे ठरले. गोव्यातल्या दत्तभक्तांना गाणगापूर नवे नाही, मात्र ते कलबुर्गी जिल्ह्यात आहे हे पुष्कळांच्या लक्षात नसते. मी मुद्दाम दोन दिवस आधी निघालो आणि आधी बिदरला उतरलो. गुरुचरित्र वाचणाऱ्यांना बिदर ठाऊक आहे : ज्या यवन राजाचे फोड श्रीनृसिंहसरस्वतींच्या कृपेने बरे झाले, तो तिथला. शिवाय भालकीच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले माझे एक जुने मित्र आता तिथे राहतात. हा सगळा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षी बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मराठीकडे आले आणि भालकी, औराद, हुमनाबाद कर्नाटकात राहिले. रस्त्यावर उभे राहिलात तर कानडी, मराठी, दखनी उर्दू आणि तेलुगू एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात.

आपल्याकडे ख्रिस्ती म्हटले की इगर्ज, पाद्री आणि पोर्तुगीज आडनावे डोळ्यांपुढे येतात. बिदरचे ख्रिस्ती वेगळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे आले ते अमेरिकन मेथडिस्ट, तेही निजामाच्या राज्यात. पाठीशी कुठला ख्रिस्ती राजा नव्हता. त्यांच्याकडे गेले ते मुख्यतः मादिग आणि होलेय, म्हणजे गावाने वेशीबाहेर ठेवलेली माणसे. त्यांची नातवंडे-पतवंडे आज शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, आणि पुष्कळशी अजून मजूरही आहेत.

२४ तारखेच्या संध्याकाळी मित्र मला अशाच एका वस्तीत घेऊन गेले. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे घर. दारावर कामट्यांचा, लाल पातळ कागदाचा तारा, आत दिवा. आपल्या दिवाळीतल्या आकाशकंदिलाचा सख्खा भाऊ. कामट्यांची बांधणी तीच, खळ तीच, दोराही तोच. घरात विद्यार्थ्याची वृद्ध आई होती आणि महाविद्यालयात शिकणारा नातू. मी विद्वत्ता पाजळत विचारले, "मावशी, या पाच टोकांचा अर्थ काय?"

त्या म्हणाल्या, "अर्थ काय असायचा? पाच कामट्या बांधायला सोप्या जातात."

मग थोड्या वेळाने, मी विचारले नसताना, म्हणाल्या, "आमच्या सासूबाई सांगायच्या, गावातलं कुणी आमच्या वस्तीकडं फिरकत नव्हतं. येशू जन्मला ते आधी मेंढरं राखणाऱ्यांना कळलं, हे ऐकून त्या चर्चात जाऊ लागल्या. तारा लावला की वाटतं, आपल्या घराकडं पण कुणीतरी निघालंय."

नातू गप्प होता. आम्ही निघालो तसा तो कोपऱ्यापर्यंत सोबत आला आणि त्याने भ्रमणध्वनी पुढे केला. तोच निरोप. माझ्याकडे मराठीत येतो, त्याच्याकडे कानडीत आला होता, वर्गातल्याच कुणाकडून. भरीला भर म्हणून वस्तीत नव्याने सुरू झालेल्या एका प्रार्थनामंडळीच्या पाळकानेही सांगितले होते की तारा, झाड, सांता हे सगळे मूर्तिपूजकांचे आहे, बायबलात नाही, काढून टाका. मुलाने मला विचारले, "सर, आजी म्हणते ते खरं की हे खरं? पुढच्या वर्षी तारा लावायचा की नाही?"

मी काहीतरी पुटपुटलो. नीट उत्तर तेव्हा सुचले नाही, म्हणून आज लिहितो आहे.

आधी निरोपातल्या 'सत्या'कडे पाहू. २५ डिसेंबरला येशूचा जन्म झाला असे बायबल कुठेच म्हणत नाही, हे खरेच आहे. पण ही तारीख सूर्यदेवाकडून चोरली हे तितके सरळ नाही. त्या दिवशी अजिंक्य सूर्याचा जन्मदिन असल्याची सर्वांत जुनी लेखी नोंद ३५४ सालच्या एका रोमन संग्रहात आहे, आणि त्याच दिवशी ख्रिस्तजन्म असल्याची नोंदही त्याच संग्रहात आहे. कुणी कुणाची तारीख घेतली हा अभ्यासकांत अजून वाद आहे. काही जण म्हणतात, मरियेला गर्भधारणा २५ मार्चला झाली असे मानून पुढे नऊ महिने मोजले. गंमत म्हणजे जन्मदिनासाठी त्या संग्रहात जो लॅटिन शब्द आहे, 'नतालिस', त्याच घराण्यातून पोर्तुगीजांमार्फत आपला 'नाताळ' आला. सूर्याचा आणि ख्रिस्ताचा नाताळ शब्दापुरता तरी एकच!

सांताक्लॉज. शीतपेयाच्या जाहिराती १९३१ च्या. त्याआधी १८६३ पासून टॉमस नास्ट नावाचा अमेरिकन व्यंगचित्रकार त्याला काढत होता. त्याच्याही मागे डच लोकांचा सिंटरक्लास, आणि सर्वांत मागे चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप निकोलस. त्याची प्रसिद्ध आख्यायिका अशी : एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्ने हुंड्यावाचून अडली होती. निकोलसने रात्री, कुणाला न कळता, खिडकीतून सोन्याच्या पुरचुंड्या आत टाकल्या. हुंड्यापायी कर्ज काढणाऱ्या बिदर-कलबुर्गीच्या शेतमजुराला हा म्हातारा परका वाटावा असे त्यात काय आहे? पण निरोप लिहिणारा १९३१ पाशीच थांबला, कारण त्याला तिथेच थांबायचे होते.

झाड. सजवलेल्या झाडाची एक जुनी नोंद १६०५ सालची, स्ट्रासबुर्गची आहे : घरात सूचिपर्णी झाड, त्यावर कागदी गुलाब आणि सफरचंदे. सफरचंदे का, तर २४ डिसेंबर हा आदम आणि हव्वेचा दिवस. त्या दिवशीच्या नाटकांतले एदेन बागेतले झाड घरात आले, असे पुष्कळांचे मत आहे. त्या पाळकाचा आधार यिर्मयाचा दहावा अध्याय. पण तिथे रानातून तोडलेल्या लाकडाची मूर्ती घडवणाऱ्या कारागिराबद्दल बोलणे आहे, आणि यिर्मया ख्रिस्ताआधी सहाशे वर्षे होऊन गेला. नाताळच्या झाडावर त्याने टीका करायची म्हणजे काळाच्या फारच पुढे असायला हवे! आणि कागदी तारा? त्याचा एक पूर्वज जर्मनीत, मोरावियन पंथाच्या निवासी शाळेत, १८३० च्या दशकात मुलांना भूमिती शिकवताना जन्मला असे सांगतात. म्हणजे कामट्या बांधायला सोप्या जातात हे मावशींचे उत्तर माझ्या प्रश्नापेक्षा शहाणे होते.

पण समजा, निरोपातले अक्षर न् अक्षर खरे निघाले. तरी काय सिद्ध होते? वस्तू कुठून आली हा एक प्रश्न; ती हातात धरणाऱ्याला काय म्हणायचे आहे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यावर चिकटवणे ही लबाडी आहे. बिदरमध्ये तर ही लबाडी अजिबात चालू नये. तिथली बिदरी पाहा. कसबाचे मूळ इराणकडे दाखवतात. धातू जस्त, त्यात थोडे तांबे. नक्षी कोरून चांदीची तार ठोकून बसवतात. मग नवसागर आणि जुन्या किल्ल्यातली माती पाण्यात घालून तापवतात, त्यात भांडे बुडवले की जस्त काळेभोर होते आणि चांदी तशीच लखलखत राहते. त्या मातीवाचून बिदरी नाही. कसब परके, माती इथली. मग ही वस्तू कुणाची? त्याच बिदरजवळ अष्टूरला बहमनी सुलतान अहमदशहा वलीची कबर आहे. त्याच्या उरुसाचा मान एका लिंगायत जंगमाकडे आहे, आणि उरूस भरतो होळीच्या सुमारास, हिंदू पंचांगाने. तिथे मूळ शोधत बसणारा उरूस संपला तरी बसूनच राहील.

आता माझ्या गोव्याच्या वाचकांचा आक्षेप मला ऐकू येतो आहे. "हे आम्हाला सांगता? इन्क्विझिशन आमच्या पूर्वजांनी भोगले." मान्य. ते विसरा असे मी कधीच म्हणणार नाही. उलट नीट आठवा असे म्हणतो. अ. का. प्रियोळकरांचा ग्रंथ काढा आणि १७३६ चे फर्मान वाचा. स्थानिक ख्रिस्ती माणसाने दारी तुळस लावायची नाही, असेल ती उपटून टाकायची. हिंदूंसारखा अळणी भात शिजवायचा नाही. लग्नात पूर्वीची गाणी म्हणायची नाहीत. त्या न्यायालयाचा तर्क काय होता? या गोष्टींचे मूळ हिंदू, म्हणून त्या करणाऱ्याच्या मनात पाखंड. एखाद्या बाईने आईच्या आठवणीने, पानांच्या वासासाठी किंवा खोकल्यावरच्या काढ्यासाठी तुळस राखली असेल, हे विचारायची गरज नव्हती. मूळ सापडले की गुन्हा सिद्ध.

ताऱ्याचे मूळ रोममध्ये किंवा जर्मनीत शोधून बिदरच्या मावशीला खोटी ठरवणारे लोक नेमका हाच तर्क वापरत आहेत. झडती घेणारा बदलला, झडतीची पद्धत तीच. आपल्या पूर्वजांनी जे सोसले त्याचा सूड म्हणून आपण त्याच न्यायाधीशाची खुर्ची पुसून तिच्यावर बसायचे काय? आणि सूड तरी कुणावर? बिदरच्या त्या म्हाताऱ्या बाईच्या पूर्वजांनी कुणाची तुळस उपटली नव्हती. त्यांच्याच पदरी उपटून फेकले जाणे आले होते.

तुळशीवरून आठवले. २०१४ पासून २५ डिसेंबर हाच तुळशीपूजन दिवस म्हणून साजरा करण्याची टूम निघाली आहे. तुळशीची पूजा कुणीही कधीही करावी. माझ्या दारात ती रोज होते. पण तुळशीचे लग्न कार्तिकात लागते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दुसऱ्याच्या सणाच्या दिवशी आपला सण नेऊन बसवणे, हाच तर रोमच्या चर्चवरचा तुमचा आरोप होता ना? मग तो गुन्हा की अनुकरणीय उपाय, एकदा ठरवून टाका.

गोव्यात बसून हे निरोप पाठवणे स्वस्त आहे. इथे पंधरवडाभर तारे लटकतात, पेठेत हिंदू दुकानदारच ते विकतात. गोठ्यातल्या हिरवळीसाठी आमचे ख्रिस्ती शेजारी नाचणी रुजत घालतात, तशी नवरात्रात आपण रुजवण घालतो. बिदरच्या वस्तीत तारा इतका सोपा नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. वेशीबाहेरचे जिणे धर्म बदलल्याने संपत नाही, सवलत मात्र संपते. तिथे दारावर तारा टांगणे म्हणजे आपण कोण ते गल्लीला उजेडात सांगणे. त्याची किंमत मोजून जो तो टांगतो, त्याला 'हे मुळात तुझे नाहीच' असे सांगणारा निरोप इतिहास शिकवत नाही. तो वेशीबाहेरच्या माणसाला पुन्हा एकदा वेस दाखवतो. आणि तो पाळकही, कितीही शुद्ध हेतूने, तेच करतो.

२५ तारखेला रेल्वेने कलबुर्गीला आलो. एका चर्चच्या अंगणात गोठा मांडला होता. छपराला तुरीच्या तुराट्या, खाली भुसा. तो तुरीचाच मुलूख. असिसीच्या फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी पहिला प्रसिद्ध गोठा मांडला १२२३ साली, म्हणजे त्या वर्षी बरोबर आठशे वर्षे झाली होती. येशू किती गरिबीत जन्मला ते लोकांनी डोळ्यांनी पाहावे म्हणून त्याने खरा बैल आणि खरे गाढव आणून उभे केले होते. तुराट्यांच्या छपराखाली तो अर्थ शाबूत होता.

दुसऱ्या दिवशी गाणगापूर. दुपारी बारा वाजता माधुकरीची वेळ झाली. दत्तमहाराज कोणत्या रूपात भिक्षेला येतील सांगता येत नाही, म्हणून समोर येईल त्याच्या झोळीत भाकरी पडत होती. कुणी कुणाचे मूळ विचारत नव्हते. गुरुचरित्रातल्या त्या बिदरच्या राजाचे मूळ गुरूंना ठाऊक होते, तो पूर्वजन्मीचा रजक. पण ते त्यांनी त्याला हाकलायला वापरले नाही. ओळख द्यायला वापरले, आणि मग ते त्याच्याबरोबर त्याच्या नगरीलाही गेले.

तिथून मित्राला दूरध्वनी केला. म्हटले, त्या मुलाला निरोप द्या : आजीचे खरे आहे, पुढच्या वर्षीही तारा लाव.