रक्त नाही, म्हणून लागलंच नाही?

दौंडमध्ये माझं शिवणकामाचं दुकान आहे. या धंद्याला बावीस वर्षं झाली. ब्लाउज शिवणाऱ्या बाईची सगळी मिळकत तिच्या वाकलेल्या मानेवर उभी असते, हे मला गेल्या हिवाळ्यात कळलं.

गाळपाचा हंगाम होता. यवतहून लग्न आटोपून आम्ही रात्री परत येत होतो. पाटसच्या अलीकडे अचानक उसाची डबल ट्रॉली समोर दिसली. मागं ना दिवा, ना लाल पट्टी. दिरांनी करकचून ब्रेक दाबला. ट्रॉली चुकली, पण मागून येणारा टेम्पो आमच्यावर आदळला. मी मधल्या सीटवर होते आणि तिथं डोक्यामागं उशीच नव्हती.

खाली उतरून सगळ्यांनी एकमेकांचे हातपाय पाहिले. रक्त कुठंच नव्हतं. जमलेल्यांतले एक वडीलधारे म्हणाले, "कुणाला लागलं नाही ना? मग कशाला पोलीस? मिटवून टाका." बंपरचे तीन हजार ठरले. दिरांनी माझ्याकडं बघितलं, मीही मान हलवून होकार दिला.

दुसऱ्या दिवशी तीच मान हलेना. दोन्ही हातांनी डोकं धरून, कुशीवर वळून उठावं लागलं. सुईत दोरा ओवायला खाली बघितलं की मानेच्या मुळापासून खांद्यापर्यंत कळ जायची. मानेचा एक्स-रे फोटो काढला. "फोटोत काही नाही," असं सांगितलं गेलं आणि घरात तेच वाक्य फिरत राहिलं. मी तीन आठवडे मशीनवर बसू शकले नाही. ऐन लग्नसराईत घेतलेली कापडं न शिवता परत केली.

पुढं फिजिओथेरपीच्या बाईंनी उलगडून सांगितलं. मागून धडक बसते तेव्हा सीट पाठीला पुढं ढकलते, पण साडेचार-पाच किलोचं डोकं जागेवरच राहतं. एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात मान आधी नागमोडी वाकते, मग झटक्यानं मागं फेकली जाते. तेवढ्यात स्नायूंना सावरायला वेळच मिळत नाही. साध्या फोटोत हाडं दिसतात, ताणलेले स्नायू आणि अस्थिबंध दिसत नाहीत. दुखणं पुष्कळदा दुसऱ्या दिवशी वर येतं. म्हणजे रस्त्यावर उभं राहून "लागलं नाही" असं ठरवणं कुणाच्याच हातात नसतं.

तरी आपण ते दहा मिनिटांत ठरवतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की रस्त्यावर मिटवायची ही सवय सोडा. 112 ला फोन करा, समोरच्या गाडीचा नंबर, ठिकाण आणि वेळ लिहून घ्या, डॉक्टरांकडं अपघाताची नोंद करा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये पंधरा दिवस तीव्र वेदना सोसाव्या लागल्या किंवा नेहमीचं काम करता आलं नाही, तर ती दुखापत गंभीर धरली आहे. कायदा फक्त रक्त मोजत नाही. पण भरपाईच्या अर्जाला मोटार वाहन कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, आणि नोंदच नसेल तर माझे ते तीन आठवडे त्या रात्रीशी जोडणार कोण?

लचक काढणाऱ्याकडून किंवा सलूनमध्ये मान मोडून घेऊ नका. हाताला मुंग्या येत असतील, बोटांतली ताकद गेली असेल, चालताना तोल जात असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. असं काही नसेल तर डॉक्टरांना विचारून मान हळूहळू हलवत राहा. गळ्यात पट्टा बांधून आठवडेच्या आठवडे पडून राहिल्यानं ती आणखी आखडते. गाडीत बसताना डोक्यामागची उशी डोक्याच्या वरच्या टोकापर्यंत ओढून घ्या. आणि साखर कारखान्यांनी लाल पट्टी नसलेली ट्रॉली वजनकाट्यावर घेऊच नये.

माझ्या मापाच्या वहीत गिऱ्हाइकाचा अर्धा इंचसुद्धा लिहिलेला असतो. त्या रात्रीची मात्र एक ओळ कुठं नाही, टेम्पोचा नंबरसुद्धा नाही. आता वहीच्या पहिल्या पानावर 112 लिहून ठेवलाय. दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला तो दाखवते.