पोटमाळ्याचा हिशेब

२२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. २००५ च्या पुराची खूण लक्षात ठेवून ज्यांनी माल पोटमाळ्यावर चढवला होता, तेही सुटले नाहीत. पाणी त्या खुणेच्या वर गेले. त्याच दिवशी सावित्री नदीने महाड बुडवले. पुढे काय झाले ते ठरलेलेच. चिखल, पंचनामे, मंत्र्यांचे दौरे आणि राज्य सरकारची मदत : दुकानदाराला जास्तीत जास्त ५० हजार, टपरीवाल्याला जास्तीत जास्त १० हजार. कापडाच्या एका मध्यम दुकानात गणपतीच्या तोंडावर जेवढा माल भरलेला असतो, त्याच्यापुढे ५० हजार म्हणजे झाडलोटीचा खर्च. तरीही पूर ओसरला की आपली सगळी चर्चा याच आकड्याभोवती फिरते. पाणी येण्याआधीच्या तासांत दुकानदाराने काय करायचे, यावर कोणी चकार शब्द काढत नाही.

हे तास गावागणिक वेगळे असतात. सांगलीत कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी फुटाफुटाने मोजले जाते. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले, पण एका रात्रीत नव्हे. कोयना धरणातून किती सोडले, पातळी किती झाली, हे सांगलीकर दिवसभर एकमेकांना विचारत असतात. अमुक फुटांना आपल्या गल्लीत पाणी येते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला टेम्पो बोलवायला सवड मिळते. चिपळूणला ती नाही. घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस काही तासांत खाली उतरतो, कोळकेवाडी धरणाचे पाणी त्यात मिसळते आणि दाभोळच्या खाडीला भरती असेल तर नदीला वाट मिळत नाही. बाजारपेठ वाशिष्ठी आणि शिवनदीच्या सखल पट्ट्यात. पाणी रात्री आले तर शटरची किल्ली मालकाच्या घरी आणि हमाल आपापल्या वाडीत. सांगलीचा आराखडा चिपळूणला उतरवून चालणार नाही, ते याचसाठी. मंत्रालयातून सर्व जिल्ह्यांना एकच परिपत्रक गेले, तर त्याचा दुकानदाराला शून्य उपयोग.

मग उपयोग कशाचा? आधी काय उचलायचे, हे पावसाळ्यापूर्वी ठरलेले असण्याचा. दुकानदाराचा हात आधी महागड्या मालाकडे जातो. तो चुकतो असे नाही, पण उधारीची वही बुडाली तर गावभर अडकलेला पैसाही बुडतो, आणि त्याचा पंचनामा कोणी करत नाही. वहीच्या पानांचे फोटो दर आठवड्याला पुण्या-मुंबईच्या भाच्याला पाठवायला खर्च काय येतो? पिठाच्या गिरणीवाल्याने मोटार उंच ओट्यावर बसवावी. शिंप्याकडचे कापड आणि मोबाइल दुरुस्तीवाल्याकडचे फोन तर गिऱ्हाइकांचे. ते आधी हलवावेत, कारण पूर गेल्यावर पहिला माणूस दारात उभा राहतो तो त्यांचाच मालक.

विम्याबद्दल आपल्या बाजारपेठांत एक समज पक्का आहे : बँकेने सीसी (कॅश क्रेडिट) देताना काढलाय, म्हणजे आहे. त्या पॉलिसीत पत्ता कोणता, हे किती जणांनी वाचले आहे? दुकानाचा पत्ता असेल आणि माल मागच्या गल्लीतल्या गोदामात बुडाला, तर हात हलवत परत यावे लागते. विम्याची रक्कम मालाच्या निम्मीच असेल, तर नुकसानभरपाईही साधारण निम्मीच मिळते. १० लाखांच्या मालावर ५ लाखांचा विमा आणि ४ लाखांचे नुकसान, तर हाती सुमारे २ लाख. हा हिशेब दुकानदाराला पहिल्यांदा समजतो तो विमा कंपनीच्या सर्व्हेयरच्या तोंडून. कोकणात तर गणपतीचा माल भरण्याचे आणि पुराचे महिने एकच. रक्कम मात्र उन्हाळ्यातल्या रिकाम्या फळ्या पाहून लिहिलेली. गिऱ्हाइकाचा माल आपल्याकडे असेल, तर तसा उल्लेख पॉलिसीत वेगळा करून घ्यावा लागतो.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आणली. पूर तिच्यात धरलेला आहे आणि रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तरी कपात होत नाही. चिपळूणचा पूर त्यानंतर जवळपास चार महिन्यांनी आला. टपरीतल्या चहावाल्यापर्यंत या पॉलिसीचे नाव पोहोचवणे हे कोणाचे काम होते, हे बँकांनी सांगावे.

व्यापाऱ्यावरचा आणखी एक घाव सरकारचाच आहे. माल नष्ट झाला की त्यावर घेतलेले जीएसटीचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) परत करावे लागते. कायद्याचे कलम १७(५) तसे सांगते. ज्याच्याकडे विकायला काही उरले नाही, त्याच्याकडून करही वसूल करायचा! जाहीर झालेल्या आपत्तीत तरी ही अट शिथिल करण्याचा ठराव महाराष्ट्राने जीएसटी परिषदेत मांडावा. ५० हजारांच्या मदतीपेक्षा तो कित्येक दुकानांना जास्त उपयोगी पडेल.

नदीतला गाळ काढण्यासाठी चिपळूणकरांनी उपोषणे केली, गाळ निघालाही. निळ्या आणि लाल पूररेषांवरून वादही झडले. नदीबाबतची मागणी रास्तच होती. पण त्या जोरातला थोडा व्यापारी संघटनांनी बाजारपेठेच्या आत वळवावा. उंचावरचे कोणते मंगल कार्यालय माल ठेवायला मिळेल, कोणाचे टेम्पो येतील, रात्री दोन वाजता हमालांना कोण उठवणार आणि त्यांची मजुरी कोण देणार, हे कागदावर यावे. भिजलेले धान्य दोन दिवसांत सडते, नगरपरिषद ते उचलायला घाई करते आणि सर्व्हेयर नंतर येतो. म्हणून फेकण्याआधी फोटो, वजन आणि तलाठ्याची सही कशी घ्यायची, हेही त्याच कागदावर हवे. मेअखेरच्या एका साप्ताहिक सुट्टीला त्याची तालीम करावी, घड्याळ लावून. शंभर पोती पोटमाळ्यावर चढायला किती वेळ लागतो, हे आज चिपळूणच्या बाजारपेठेत किती जणांना ठाऊक आहे?