धुराला वाट ठेवा



2022 साली कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल म्हणून गावोगाव कापूस घरात थांबवला गेला. भाव आला नाही, कापूस मात्र घरात राहिला. बैठकीत कापूस, माजघरात कापूस, पोरांची अंथरुणे कापसाच्या गंजीवर. मनाजोगता भाव मिळेपर्यंत माल थांबवणे हा आपला हक्क आहे, त्यावर कोणी आपल्याला उपदेश करू नये. पण थांबवलेल्या मालाशेजारी माणसे झोपत असतील, किंवा आपल्याच शेतकरी कंपनीच्या गोदामात हमाल काम करत असतील, तर धुराचा विचार करावा लागेल. आगीच्या विम्याबद्दल आपण बोलतो. धुराबद्दल बोलत नाही.

आग म्हटली की डोळ्यांपुढे ज्वाळा येते. कडब्याची गंजी पेटली तर तसेच होते, दुरून सारे गाव बघते. कापसाचे तसे नाही. कापूस आतल्या आत धुमसतो. तंतूंमध्ये हवा अडकलेली असते, तेवढ्यावर ठिणगी तासन् तास तग धरते, दाबलेल्या गाठीत तर दिवसचे दिवस. जिनिंगमध्ये कापसाबरोबर खडा किंवा लोखंडाचा तुकडा गेला, ठिणगी उडाली आणि रुईबरोबर 170 किलोच्या गाठीत बांधली गेली, की ती गोदामात कधी डोके वर काढेल याचा नेम नाही. या धुमसण्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो, अंगाला आच लागण्याच्या आधी.

त्यात छत बुटके असले म्हणजे संपलेच. गरम धूर वर जातो, छताला लागून थर धरतो आणि भरत भरत खाली उतरतो. पंचवीस फूट उंच गोदामात बाहेर पडायला अवधी मिळतो. आठ-नऊ फुटांच्या स्लॅबखाली तोच थर बघता बघता नाकापर्यंत येतो. तालुक्याच्या गावी दुकानांखालची तळघरे बारदाना आणि कापूस ठेवायला भाड्याने घेतली जातात, त्यांची गोष्ट हीच. आपल्या जुन्या माळवदाच्या घरांना साणे असायचे. उजेड त्यातून यायचा, चुलीचा धूर त्यातून जायचा. स्लॅब आला आणि साणे गेले. पावसाळ्यातले गळणे थांबले, हेही खरे.

उंच गोदामात वरच्या झरोक्यांतून धूर आपोआप निघतो, कारण गरम धुराचा थर जाड असला की वर जाण्याची ओढही जास्त. बुटक्या खोलीत थर पातळ, ओढ कमी. म्हणून तिथे पंख्याने धूर खेचावा लागतो. पण एकच दांडगा पंखा बसवून काम होत नाही. दुधावरची साय काढताना पळी खोल गेली तर साय राहते आणि दूध वर येते. तसाच जोरदार पंखा पातळ थराला भोक पाडतो, खालची स्वच्छ हवा ओढून बाहेर टाकतो आणि धूर बाजूला तसाच लोंबकळत राहतो. त्यापेक्षा छताला लागून तीन-चार ठिकाणी तोंडे ठेवून बेताने ओढावे. आणि आत येणाऱ्या हवेसाठी खाली, जमिनीलगत जागा हवी. सगळे बंद करून पंखा लावला तर तो नुसता फिरतो.

किती ताकदीचा पंखा? राष्ट्रीय बांधकाम संहितेत तळघरांसाठी आगीच्या वेळी तासाला 12 वेळा हवा बदलावी, असे माप दिलेले आहे. 30 फूट लांब, 20 फूट रुंद, 9 फूट उंच खोलीत 5400 घनफूट हवा मावते. 12 ने गुणले की तासाला 64 हजार 800, म्हणजे मिनिटाला 1080 घनफूट. स्वयंपाकघरातल्या पंख्याचे हे काम नव्हे. शिवाय साध्या पंख्याची मोटार त्याच गरम धुरात बसलेली असते, ती आधी जळते. 250 अंश सेल्सिअस धुरात 2 तास चालणारे पंखे वेगळे मिळतात, ते महाग असतात.

विजेचे आणखी एक. आग दिसली की पहिला माणूस मेन स्विच पाडतो. बरोबरच करतो, पण मग पंखाही बंद पडतो. म्हणून पंख्याची लाईन मेन स्विचच्या आधीपासून वेगळी घ्यावी, तार उष्णता सोसणारी हवी, आणि बटण गोदामाच्या बाहेर, दाराशी. भारनियमनाच्या भागात जनरेटर लागेल.

पंखा म्हणजे अग्निशामक नव्हे, हेही ध्यानात असू द्या. हवा मिळाली की धुमसता कापूस भडकतो. माणसे बाहेर पडावीत आणि पाणी मारणाऱ्याला आग कुठे आहे ते दिसावे, एवढ्यासाठी पंखा. पाणी हाताशी नसताना आणि आत कोणी नसताना तो लावू नये. घरात तर पंख्याचा प्रश्नच नाही. कापसाच्या खोलीत झोपू नये, चार्जर लावू नये, बिडी ओढू नये, बस.

2020 साली सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलत घेऊन शेतकरी कंपन्यांनी गोदामे बांधली. अंदाजपत्रकात पत्रा, काँक्रीट, वजनकाटा सगळे असते. धुराची वाट आम्हाला अशा कागदांत क्वचितच दिसते. नव्या बांधकामात दोन-चार फूट उंची वाढवली तर पंख्यांचा खर्चच वाचू शकतो, हे इंजिनिअरला विचारायला हरकत नाही. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याने जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारीत व जुलैत यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र घ्यायचे असते. मालक कोण? आपणच, सभासद. ते प्रमाणपत्र घेताना पंखा समोर चालवून बघा, नुसत्या शिक्क्यावर समाधान मानू नका.

जिल्हा बैठकीला येणाऱ्या संचालकांनी आपल्या गोदामाचा नकाशा बरोबर आणावा. नकाशा नसेल तर लांबी, रुंदी, उंची आणि झरोक्यांची मापे कागदावर लिहून आणली तरी चालतील. हिशेब तिथेच बसून करू.