तिकिटांचा काळाबाजार आणि कायद्याचे मौन

२२ सप्टेंबर २०२४ रोजी ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची तिकिटे विक्रीस निघाली आणि पाहता पाहता संपली. एक कोटीहून अधिक लोक त्या अदृश्य रांगेत उभे होते, असे ‘बुकमायशो’ या विक्रेत्या कंपनीचेच म्हणणे होते. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधील १८, १९ व २१ जानेवारी २०२५ या तिन्ही दिवसांची आसने एकत्र मोजली, तरी ती दोन लाखांच्या आतच होती. बहुसंख्यांच्या पदरी निराशा येणार, हे उघड होते. परंतु ज्या तिकिटांची मूळ किंमत अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती, तीच पुनर्विक्रीच्या परदेशी संकेतस्थळांवर लाखांच्या भावाने मांडलेली दिसली, तेव्हा प्रश्न निराशेचा राहिला नाही. तो लुटीचा झाला.

पुढे रीतसर सर्व काही घडले. अशा संकेतस्थळांशी आपला संबंध नाही व तेथील तिकिटे खोटी असू शकतात, असे सांगून कंपनीने पोलिसांकडे तक्रार केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने दिल्ली, मुंबई, जयपूर, बंगळूर व चंदीगड येथे छापे घातले. इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप व टेलिग्रामवरून बनावट तिकिटे विकली जात होती, हे त्यातून समोर आले. या काळ्याबाजाराविरुद्धची जनहित याचिका जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. नियम करणे हे विधिमंडळाचे व शासनाचे काम आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. न्यायालयाने चेंडू जेथे टाकला, तेथे तो अजून उचलला गेलेला नाही.

पस्तीस हजारांचे तिकीट काढणाऱ्यांची चिंता समाजवाद्यांनी कशाला वाहावी, असा प्रश्न आपल्यातील काही कार्यकर्ते विचारतील. तो गैरलागू नाही, पण अपुरा आहे. ऑक्टोबर २०२३ मधील कांदिवली-बोरिवलीचे प्रकरण आठवावे. नवरात्रातील एका लोकप्रिय गरब्याचा साडेचार हजारांचा पास तेहेतीसशे रुपयांत देण्याच्या आमिषाने १५६ तरुण-तरुणी फसले आणि पाच लाखांवर रक्कम गेली. मित्रामित्रांनी वर्गणी काढावी तशी ती गोळा झाली होती. धनिकांना प्रायोजकांच्या मानाच्या पत्रिका मिळतात. त्यांना समाजमाध्यमांवरील अनोळखी विक्रेत्याच्या दारी जावे लागत नाही. तेथे जातो तो पहिल्या पगारातून हौस भागवू पाहणारा तरुण. फाटकावर परत पाठवला जातो तोही तोच. शिवाय करमणूक ही केवळ श्रीमंतांची मिरास मानणे हा समाजवादाचा विचार कधीच नव्हता. कामगाराला भाकरीबरोबर फुरसत आणि फुरसतीबरोबर कलेचा आनंदही हवा, या आग्रहातूनच आपल्याकडे कामगार नाट्यमहोत्सव उभे राहिले.

या फसवणुकीचे प्रकार मुख्यत: तीन आहेत. पहिला, हुबेहूब खऱ्यासारखे संकेतस्थळ उभारून पैसे घेणे व काहीच न देणे. दुसरा, एकच खरे तिकीट अनेकांना विकणे. तिकिटावरील सांकेतिक चौकट जो प्रथम फाटकावर दाखवील तो आत जातो. बाकीच्यांच्या हातात त्याच तिकिटाची निरुपयोगी नक्कल उरते. तिसरा प्रकार अधिक सभ्य वेषातला आहे. हाती नसलेले तिकीटच आज चढ्या भावाने विकायचे आणि पुढे ते स्वस्तात मिळाले तर ग्राहकाला द्यायचे, न मिळाल्यास हात वर करायचे. सट्टेबाजाराला शोभणारा हा व्यवहार ‘सेवा’ या नावाखाली चालतो.

हे तिन्ही प्रकार ज्या जमिनीत रुजतात, तिच्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. ती जमीन म्हणजे दडवलेली संख्या. मराठी नाटकाच्या तिकीट-खिडकीवर आसनांचा ‘प्लॅन’ समोर असे. त्यातही पुढच्या काही खुर्च्या ओळखीपाळखीने अडवल्या जात, हे खरे. पण कोणती खुर्ची गेली आणि कोणती उरली, हे रांगेतल्या माणसाला डोळ्यांनी दिसे. आज एकूण तिकिटे किती, प्रायोजकांना किती, विशिष्ट बँकांच्या कार्डधारकांना आधीच किती आणि सर्वसामान्यांसाठी किती, हे ग्राहकाला सांगण्याचे बंधन आयोजकावर नाही. जेथे पुरवठ्याचा आकडा गुलदस्त्यात असतो, तेथे टंचाई किती खरी व किती घडवलेली, हे कळण्याचा मार्गच उरत नाही. ‘माझ्या ओळखीने चार तिकिटे आहेत’ हे भामट्याचे वाक्य लोकांना खरे वाटते, कारण तिकिटे ओळखीनेच जातात हा त्यांचा अनुभव असतो. बनावट तिकीट ही या अपारदर्शक व्यवस्थेची सावली आहे. सावलीवर लाठी चालवून काय होणार?

कायदा करणे अशक्य आहे, असे म्हणण्यास जागा नाही. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४३ नुसार तिकिटांचा अनधिकृत धंदा हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा आहे, आणि तो संगणकावरून काढलेल्या तिकिटांनाही लागू होतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने केलेल्या तिकिटांच्या अनधिकृत विक्रीचा उल्लेख आहे. पण एकट्या दलालाचे वा पुनर्विक्रीच्या कंपनीचे काय, या प्रश्नाचे सरळ उत्तर तेथे मिळत नाही. आयर्लंडने २०२१ मध्ये कायदा करून मोठ्या कार्यक्रमांची तिकिटे मूळ किमतीहून अधिक दराने विकण्यास बंदी घातली. बाजारपेठेवर श्रद्धा असलेल्या देशाला जे जमते, ते महाराष्ट्राला का जमू नये?

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. विक्रीपूर्वी एकूण व राखीव तिकिटांची संख्या जाहीर करावी. ज्याला जाणे जमत नाही त्याला अधिकृत विक्रेत्याकडेच मूळ किमतीत तिकीट परत करता यावे. त्याहून अधिक दराच्या पुनर्विक्रीस बंदी असावी. आणि बनावट विक्रीच्या जाहिराती निदर्शनास आणूनही न हटवणाऱ्या समाजमाध्यम कंपन्यांवर दायित्व यावे.

कायदा होईपर्यंत स्वस्थ बसणे मात्र परवडणारे नाही. वस्तीतील व महाविद्यालयांतील तरुणांपर्यंत चार साध्या गोष्टी कार्यकर्त्यांनी पोचवाव्यात. अधिकृत विक्रेता कोण, हे आयोजकांच्या मूळ घोषणेतूनच पडताळून घ्यावे. आलेल्या दुव्यावर विसंबू नये. अनोळखी माणसाच्या खात्यात आगाऊ पैसे भरू नयेत. आणि पैसे ‘परत घेण्यासाठी’ कोणी यूपीआयचा गुप्त क्रमांक टाकावयास सांगितला, तर ती फसवणूकच समजावी, कारण पैसे स्वीकारण्यास तो क्रमांक लागत नाही. स्वत:च्या खऱ्या तिकिटाचे छायाचित्र हौसेने सर्वांना दाखवू नये. आणि फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न राहता १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पैसे पुढच्या खात्यांत वळते होण्यापूर्वी ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. संदेश, खाते क्रमांक व व्यवहाराची नोंद पुसून टाकू नये.

फसलेल्याला ‘तुला कळायला नको होते का?’ असे विचारणे सोपे असते. प्रत्येकाने आपापली काळजी घ्यावी, हा उपदेश शासनाने केला की तो जबाबदारी झटकण्याचा मार्ग होतो. सावधगिरी हे नागरिकाचे काम आहेच. पण रांग सरळ ठेवणे आणि खिडकीमागे काय चालले आहे हे रांगेतल्या शेवटच्या माणसालाही दिसेल अशी व्यवस्था करणे, हे राज्यसंस्थेचे काम आहे. ते तिच्याकडून करवून घेण्यासाठी विधिमंडळात आणि रस्त्यावर प्रश्न विचारावे लागतील.