खेळांचे जतन आणि कायद्यातील एक शब्द

मानवतच्या बाजारपेठेत कापसाच्या भावाचा प्रश्न उभा असताना मुलांच्या खेळयंत्राविषयी या रकान्यात लिहावे काय, असे एखादा साथी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु माणसांच्या श्रमातून निर्माण झालेली वस्तू नफा मिळेनासा होताच मालकाने विस्मृतीत टाकावी आणि समाजाने ती उचलूनही घेऊ नये, ही व्यवस्था आपण मुकाट्याने मान्य करावी काय?

सोनी कंपनीचे ‘प्लेस्टेशन-टू’ हे यंत्र २००० साली जपानात आले आणि २०१३ च्या आरंभी त्याचे उत्पादन थांबले. जगभर त्याचे १५ कोटींहून अधिक नग विकले गेले. भारतात ते दीर्घकाळ टिकले, म्हणूनच आपल्याकडील तंत्रज्ञांनी त्यासाठी खेळ रचले. हैदराबादेत २००९ साली ‘हनुमान : बॉय वॉरियर’ तयार झाला, कबड्डी, विटीदांडू व पतंग पडद्यावर आणणारा ‘देसी अड्डा’ही त्याच वर्षीचा. मुंबईच्या ट्राइन गेम्स या संस्थेने २०१० साली गल्लीतील क्रिकेटवर ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ काढला. हे खेळ फार उच्च कोटीचे होते असा दावा कोणी करणार नाही. तथापि या देशातील एका नव्या उद्योगाची ती पहिली पावले आहेत.

आज ती तबकडीवर अडकून पडली आहेत. तबकडीवर ओरखडे पडतात, यंत्रातील लेझरचे भिंग क्षीण होते, आणि सुटे भाग कंपनी बनवीत नाही. यावर हौशी मंडळींनी तोड काढली. या यंत्राच्या जुन्या, जाड घडणीत मागील बाजूस हार्ड डिस्क बसविण्याची जागा आहे. तेथे डिस्क बसवून तबकडीची संपूर्ण प्रतिमा तिच्यावर उतरवितात. मग ‘ओपन पीएस-टू लोडर’ ही विनामूल्य आज्ञावली यंत्राला तबकडीऐवजी डिस्कवरून वाचावयास लावते. मृतप्राय यंत्र पुन्हा चालू लागते.

शेकडो खेळ भरलेल्या डिस्क बाजारात विकणारा माणूस निराळा. तो व्यापार आहे, त्याची तरफदारी येथे करावयाची नाही. पण स्वतःच्या तबकडीची प्रत जपणारा चोर नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम संगणक आज्ञावलीच्या कायदेशीर धारकास नाशापासून तात्पुरत्या संरक्षणासाठी प्रत करू देते. २०१२ साली आलेले ६५-अ कलमही कुलूप तोडण्याला गुन्हा ठरविते ते हक्कभंगाचा हेतू असेल तेव्हा.

खरी मेख पुढे आहे. त्याच ५२ व्या कलमात बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा आहे. मात्र मूळ प्रत ‘अ-डिजिटल’ असली तरच! म्हणजे कागदी पुस्तकाला ही सवलत आहे, तबकडीवरील खेळाला नाही. जी वस्तू जन्मतःच डिजिटल आहे तिची अ-डिजिटल प्रत ग्रंथालयाने कोठून आणावी? लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. तितकी वर्षे कोणती तबकडी टिकणार? जे काम सार्वजनिक संस्थेचे, ते अशा रीतीने घरगुती हौसेवर ढकलले गेले आहे. अमेरिकेतही स्थिती बरी नाही. तेथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असे २०२३ च्या एका अभ्यासात आढळले.

चित्रपटांच्या बाबतीत आपण याची किंमत मोजली आहे. फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच उरला, १९३१ च्या ‘आलम आरा’ची एकही प्रत हाती नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले ते १९६४ साली, पुष्कळ काही गेल्यावर.

म्हणून मागणी नेमकी करावी. ५२ व्या कलमातील ‘अ-डिजिटल’ हा शब्द वगळावा. १९५४ च्या कायद्याने प्रकाशक जशी पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयास देतो, तशी या देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक खेळाची एक प्रत, कुलूप न लावता, जमा करणे बंधनकारक व्हावे. कॉपीराइट कायद्याच्या पुढील दुरुस्तीच्या वेळी आपल्या खासदारांनी एवढे दोन मुद्दे तरी मांडावेत.