गोल छप्पर आणि आमचं धाबं

गेल्या वीकांताला एका मित्राने मुळशीतल्या त्याच्या मातीच्या घराचे फोटो दाखवले. छप्पर म्हणे 'रेसिप्रोकल फ्रेम'चं. मधे खांब नाही. प्रत्येक वासा शेजारच्या वाशावर टेकलेला आणि शेवटचा पुन्हा पहिल्याच्या खाली! आम्ही कोडवाले जिला 'सर्क्युलर डिपेन्डन्सी' म्हणून शिव्या घालतो, तिच्यावर चक्क घर उभं. अशा रचना लिओनार्दो दा विंचीनेही काढून ठेवल्यात. खोटं कशाला बोलू, मीही भाळलो.

चिखलीजवळच्या आमच्या गावी गेलो आणि मोठ्याईला म्हटलं, तुझ्या घराला हेच करू. तिने फोटो नीट पाहिला आणि विचारलं, "बाबू, एक वासा सडला तं?"

आता आली का पंचाईत! एक वासा गेला तर साखळीच तुटते, सगळं छप्पर खाली येऊ शकतं. तिच्या धाब्यात कडी सडली की टेकू लावायचा, तेवढी कडी बदलायची, झालं.

माझा राग त्या छपरावर नाही, आपल्यावर आहे. सागाच्या कड्या, तुराट्या, पाला आणि वर पांढरी माती, हे 'नैसर्गिक' घर आपल्याला दिसतच नाही. सरकारदरबारी ते 'कच्चं'. घरकुलाचे पैसे मिळणार, म्हणून मोठ्याई ते पाडतेय. तिचं काय चुकलं? दर पावसाळ्याआधी धाब्यावर चढून माती कोण दाबणार, मी? आणि त्या कड्या दलाल नेणार, कुणाच्या तरी फार्महाऊसला 'अँटिक' म्हणून. कदाचित माझ्याच मित्राच्या!

"किल्लारी विसरलास का?" असं कुणी म्हणेलच. नाही विसरलो. ३० सप्टेंबर १९९३ला हजारो माणसं गेली. पण गोट्यांच्या जाड भिंती, त्यांना बांधून धरणारे आरपार दगड नाहीत, आणि वर वर्षानुवर्षं चढवलेला मातीचा थर, ही त्यामागची मोठी कारणं. जिथे छत लाकडी खांबांवर होतं, तिथे भिंती पडूनही ते उभं राहिल्याची उदाहरणं आहेत.

म्हणजे मातीचा थर हलका करा, सांधे आवळा, गळती थांबवा. मंडळी, हे इंजिनियरचंच काम ना? पण त्याचे फोटो छान येत नाहीत.

मोठ्याईचं घर दिवाळीनंतर पडणार आहे. त्याआधी मी टेप घेऊन जातोय, निदान मापं तरी घेऊन ठेवतो. मिस्तरी म्हातारे झालेत. तुमच्या गावातलं धाबं उभं असेल, तर तुम्हीही जा.